सांगलीतली आर्टिकलशिप आणि जागतिक नेटवर्क

प्रश्न : मुलगी सीए इंटर झाली. सांगलीतल्या छोट्या फर्ममध्ये आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीचं प्रत्यक्ष कामातलं प्रशिक्षण) केली, तर डेलॉइटसारख्या जगभरातल्या ऑडिट फर्मच्या नेटवर्कचं नेतृत्व तिच्या आवाक्याबाहेर जाईल का?
– एक पालक, विश्रामबाग

उत्तर : मुळीच नाही. पुनीत रेंजेन हरियाणातल्या रोहतकचे. रोटरी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले आणि २०१५ ते २०२२ डेलॉइटचे जागतिक सीईओ होते. असं नेटवर्क ही एक कंपनी नसते. देशोदेशीच्या फर्म कायद्यानं स्वतंत्र, त्यामुळे प्रमुखाला हुकूम सोडून भागत नाही, भागीदारांना पटवावं लागतं. नाव मात्र सामायिक. एकीकडचं ढिसाळ ऑडिट सगळ्यांना भोवतं.

म्हणूनच आर्टिकलशिपच्या दोन वर्षांत तिनं नुसती रिटर्न भरत बसू नये. हळद व्यापाऱ्याचा साठा गोदामात जाऊन मोजावा, वखारीच्या पावत्यांशी जुळवावा, फरकाचं कारण वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे ऑडिटच्या नोंदींत, लिहावं. मोठ्या फर्ममध्ये बऱ्याचदा ऑडिटचा एखादाच तुकडा हाती येतो. इथं अख्खा ताळेबंद दिसतो.