इंग्रजीत जहाजाचा वेग ‘ट्वेंटी नॉट्स पर अवर’ असा लिहिणं बरोबर आहे का?

नाही. ‘ट्वेंटी नॉट्स’ एवढंच लिहा. एक नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, अर्थात ताशी 1.852 किलोमीटर. ‘तासाला’ त्यातच आलं. वर ‘पर अवर’ जोडलंत तर काटेकोर अर्थाने तो वेग न राहता त्वरण होतं!

नॉट म्हणजे गाठ, तीही खरीखुरी. पूर्वी खलाशी दोरीला बांधलेली लाकडी फळी जहाजामागे पाण्यात सोडत. दोरीला 47 फूट 3 इंचांवर एकेक गाठ मारलेली असे. 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सरकत, तितके नॉट्स. जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनांत ‘नॉट्स पर अवर’ सापडतं, पण आज तसं लिहिलं की जाणकार नाक मुरडतात.

अंतर सांगायला मात्र नॉट वापरू नका. ‘बंदर दहा नॉट्सवर आहे’ हे चूकच. तिथे नॉटिकल माइल्स. आणि विशेषण म्हणून आला की शब्द एकवचनी राहतो, मध्ये संयोगचिन्ह येतं: ‘अ ट्वेंटी-नॉट विंड’. ‘ट्वेंटी-नॉट्स विंड’ नव्हे.