भट्टी उघडण्याचा दिवस तिला पाहू द्या

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. दिवाळीत दोन दिवसांचं पॉटरी वर्कशॉप केलं, तेव्हापासून ‘सिरॅमिक आर्टिस्टच व्हायचं’ म्हणते. यात पोट भरतं का? – एक पालक, सातारा

उत्तर : नमस्कार. भरतं, पण सावकाश. पहिली काही वर्षं बहुतेकजण शनिवार-रविवारचे क्लास घेऊन आणि कॅफेंसाठी कप-बशा करून स्टुडिओचं भाडं काढतात. स्वतःची भट्टी लगेच लागत नाही. बरेच स्टुडिओ पैसे घेऊन दुसऱ्याचा माल भाजून देतात.

माझी काळजी वेगळी आहे. वर्कशॉपमध्ये मळलेली माती हातात मिळते, चाक फिरतं, वाटी होते. स्टुडिओत चाकावरचा वेळ थोडाच. बाकी माती मळणं, हवेचे बुडबुडे काढणं, ग्लेझ (भांड्यावर काचेसारखी चकाकी आणणारा लेप) चाळणं, भट्टीतल्या फळ्या खरवडणं. कपाला कान लावायचा तर दोन्हींची ओल सारखी हवी. कप जरा जास्त सुकला असेल, तर सांध्यावर केसाएवढी चीर पडते आणि ती बऱ्याचदा पहिल्या भाजणीनंतरच दिसते. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेली टणक भांडी, साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. मग भट्टी थंड होईपर्यंत थांबायचं. घाईने दार उघडलं की भांडी तडकतात.

म्हणून परीक्षा झाली की तिला दोन-तीन महिने एखाद्या चालू स्टुडिओत मदतनीस म्हणून पाठवा. फरशी ओल्या फडक्यानेच पुसायची, हे मात्र बजावून सांगा. सुक्या मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साठते.

शिक्षणाची दारं आहेत. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात सिरॅमिकचा विभाग आहे, अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) सिरॅमिक अँड ग्लास डिझाइन शिकवतात. बीएफएच्या (कलेच्या पदवीच्या) सीईटीचा अर्ज वेळेत भरू द्या, त्याने सायन्सची वाट बंद होत नाही. पदवीशिवायचा रस्ताही खरा आहे : पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत १९७१ पासून कितीतरी जण कामातूनच घडले. मुंबईजवळ स्टुडिओ चालवणारे ब्रह्मदेव राम पंडित कुंभाराच्या घरातले. त्यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली.

तिची स्वतःची भांडी असलेली भट्टी उघडेल, त्या दिवशी शक्य झालं तर तुम्हीही जा. एखादं आवडतं भांडं ग्लेझ ओघळून फळीला चिकटलेलं निघेल, छिन्नीने फोडून काढावं लागेल. ती रडली तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून स्टुडिओत गेली, तर मला पुन्हा लिहा, कॉलेजचं बोलू.