ऑफिसच्या चॅरिटी टॅलेंट शोमध्ये गायचंय, तयारी कशी करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दानउत्सवाच्या, म्हणजे देणगी देण्याच्या देशभरच्या उपक्रमाच्या, आठवड्यात ऑफिसात टॅलेंट शो आहे, जमणारे पैसे एका संस्थेला जाणार आहेत, कॉलेजनंतर तुमचं स्टेजवर गाणं झालेलं नाही, आणि कराओके ट्रॅकवर गावं की पेटी-तबल्यावर हे ठरत नाहीये.

मी स्वतः गात नाही. हिंजवडीत एका कंपनीत नोकरी करतो आणि अशा कार्यक्रमांत पेटीवर साथीला बसतो. त्यामुळे उत्तर पेटीच्या बाजूने झुकलेलं असणार, हे धरून चाला.

आधी पट्टी, म्हणजे तुमचा ‘सा’ कुठल्या सुरावर धरायचा ते ठरवा, गाणं मागाहून. ऑफिसातली मंडळी नेमकं उलटं करतात. आवडतं गाणं घेतात, मूळ गायिकेच्या पट्टीतला ट्रॅक डाउनलोड करतात, मुखडा झकास जातो आणि अंतऱ्यात वरच्या सुरांवर गळा आवळतो. पट्ट्यांची नावं पेटीच्या काळ्या-पांढऱ्या बटणांवरून येतात. साधारणपणे पुरुषांचा आवाज काळी एक ते काळी दोनच्या आसपास रमतो, बायकांचा पांढरी पाच ते काळी पाच. पण हा ढोबळ हिशोब झाला. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा आणि तो न ताणता, पुन्हा पुन्हा लागतो का बघा. घरी दार लावून लागला म्हणून खूश होऊ नका; स्टेजवर श्वास आखूड होतो, तेव्हा अर्धी पट्टी खालीच ठेवलेली बरी. मग खालचा सूर तपासा. तो नुसता पुटपुटल्यासारखा येत असेल, तर ते गाणं तुमच्या आवाजाचं नाही, कितीही आवडत असलं तरी.

आता ट्रॅक की वाद्यं? माझं मत वाद्यांना, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे: ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या कडव्याची ओळ विसरलात की तो पुढे निघून जातो आणि तुम्ही त्याच्यामागे धावता. साथीदार असले की मी मुखड्याची ओळ पेटीवर पुन्हा घेतो, तबलजी ठेका धरून ठेवतो, तुम्ही श्वास घेऊन समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, परत येता. समोरच्यांना वाटतं, असंच बसवलंय!

पण तबलजीला पट्टी ठरल्या दिवशीच कळवा. काळी एकचा तबला ऐनवेळी पांढरी पाचला चढवता येत नाही, त्याला वेगळा तबला आणावा लागतो. शिवाय बाहेरच्या दमट हवेतून एसीच्या कोरड्या हवेत आणला की तबल्याचा सूर चढतो. वाद्यं आधीच हॉलमध्ये आणून ठेवा आणि तुमच्या आधीचा डान्स चालू असताना तबलजीला मागे बसून तबला लावू द्या.

ट्रॅकच वापरायचा असेल तर अ‍ॅपमध्ये वेग न बदलता पट्टी बदलता येते. दोन-तीन अर्धस्वर खाली आणलेलं चालतं, त्याहून जास्त खेचलं की बासरी आणि ढोलक दोन्ही आजारी वाटायला लागतात. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि ब्लूटूथऐवजी केबलने जोडा. ऐन अंतऱ्यात क्रेडिट कार्डवाल्यांचा कॉल आलेला मी ऐकलाय, सगळ्या कॅन्टीनने ऐकलाय.

कॅन्टीनवरून आठवलं. अशा हॉलमध्ये खाली टाइल्स, बाजूला काचा, म्हणजे आवाज घुमणारच. त्यावर साउंडवाला हौसेने एको चढवतो. त्याला गोड बोलून तो कमी करायला लावा आणि एक स्पीकर तुमच्याकडे तोंड करून ठेवायला सांगा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओरडतो आणि सूर सुटतो. माइकची जाळी मुठीत धरू नका. स्पीकरमधून शिट्टी (फीडबॅक) वाजली की लोक घाबरून जाळीवर हात ठेवतात, त्याने ती आणखी वाढते. माइक स्पीकरपासून लांब न्या, बस. हा साउंडवालाही लवकर बुक करा. दानउत्सव २ ते ८ ऑक्टोबरला असतो आणि बरेचदा त्याच सुमारास नवरात्र येतं. चांगली माणसं तेव्हा गरब्याला गेलेली असतात.

गाण्याबद्दल एवढंच सांगतो: चार मिनिटांत संपणारं घ्या. भजनी ठेक्यातला अभंग ऑफिसात हमखास उठतो, अगदी मराठी न कळणारेही टाळ्या धरतात. टाळ्यांची मात्र एक गंमत आहे. आवाजाला पस्तीसेक मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मागच्या रांगेतल्यांना ठेका उशिरा पोचतो आणि त्यांची टाळी तुमच्यापर्यंत त्याहून उशिरा येते. तिच्यामागे गेलात तर लय ढिली पडत जाते. नजर तबलजीच्या हातावर ठेवा. हॉलला खुशाल मागून येऊ द्या.

पैशांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण आयोजकांशी बोलणं होणार असेल तर दोन गोष्टी काढा. एक, क्यूआर कोड थेट संस्थेच्या खात्याचा असावा, एचआरमधल्या कुणाच्या नंबरचा नको. ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची आयकर वजावट हवी असेल तर संस्थेची पावती दात्याच्या नावाने लागते, दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत ही वजावट मुळातच नाही. दुसरं, तिकीट. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना सवलत आहे, पण ती प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या सादरीकरणाला. सामाजिक संस्थेसाठी तिकीट लावलं तर त्या सवलतीवर विसंबता येत नाही, परवान्याची चौकशी आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थेकडे, करावी लागते. ट्रॅकच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क आणखी वेगळे. म्हणून प्रवेश मोफत आणि देणगी ऐच्छिक ठेवणं मला सुटसुटीत वाटतं.

काही ठिकाणी ‘एक मत पन्नास रुपये’ असं मतदान ठेवतात. त्यात ज्याची टीम मोठी तो जिंकतो, गाणं कसंही होवो. गाणाऱ्यांना हे खुपतं. मला नाही खुपत. दोन टीम लीड इरेला पेटले की परीक्षकांच्या गुणांवर निकाल लावला असता त्यापेक्षा कितीतरी जास्त रक्कम उभी राहते. तुम्ही फक्त गाण्याआधी संस्थेचं नाव आणि पैसा नेमका कशाला लागणार आहे, हे एका वाक्यात सांगा. निवेदकावर सोडू नका, तो तुमचं नाव आणि डिपार्टमेंट सांगण्यातच अडकलेला असतो.

आणि तबलजी मिळत नसेल तर कंपनीच्या ग्रुप मेलवर विचारून बघा. टेस्टिंग किंवा अकाउंट्समध्ये लहानपणी तबल्याच्या चार-पाच परीक्षा दिलेला एकजण निघतोच, फक्त त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं.