आठवणी लिहिताना जिवंत नातेवाइकांची परवानगी घ्यावी का?

आईवडिलांच्या आणि बालपणीच्या आठवणी लिहायच्या आहेत, पण भावंडे दुखावली जातील अशी भीती वाटते, तेव्हा आधी त्यांची परवानगी घ्यावी का आणि इतक्या जुन्या काळातले संवाद कसे लिहावेत, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, लिहिण्याआधी परवानगी मुळीच मागू नये. ती मागितली की घरातला प्रत्येक जण आपापला प्रसंग वगळायला सांगतो आणि शेवटी हाती उरते ती लग्नपत्रिकेसारखी नावांची यादी.

माझे गाव शिंदखेडा तालुक्यातले. जमीन कोरडवाहू, पीक ज्वारी-बाजरीचे आणि थोडे कापसाचे. १९७२ च्या दुष्काळात विहिरीने तळ गाठला, गुरे मिळेल त्या भावाने विकावी लागली आणि माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. आमच्या घरातल्या बायका तोवर कधी परक्याच्या बांधावरही मजुरीला गेल्या नव्हत्या, म्हणून ती उजाडण्यापूर्वी निघे आणि गावातला रस्ता टाळून नाल्याच्या कडेकडेने जाई. शाळा सुटल्यावर मी तिच्यासाठी पाणी घेऊन जात असे. कामावर वाटली जाणारी सुकडी ती स्वतः न खाता आमच्यासाठी पदरात बांधून आणी, आणि रात्री मिलोच्या तांबड्या भाकरीपेक्षा आम्हा मुलांचा ओढा त्या सुकडीकडेच असे. मोठा भाऊ तेव्हा धुळ्याला वसतिगृहात राहून शिकत होता. त्याच्या खानावळीचे पैसे त्या खडीतूनच जात होते, हे त्याला ठाऊक नव्हते, कारण आईने मला बजावून ठेवले होते, “मोठाले सांगू नको, त्यानं अभ्यासमा मन लागाव नही.”

हे सर्व मी लिहिले आणि घरच्यांपुरत्या प्रती स्वखर्चाने छापल्या. भाऊ आता दोंडाईच्यात व्यापारी आहे. ‘आपली आई खडीवर कधीच गेली नाही, तू घराची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस,’ असे त्याने भर लग्नघरात मला सुनावले. जो माणूस त्या वर्षी गावात फक्त सुट्टीपुरता होता, त्याने गावात काय घडले नाही हे इतक्या ठामपणे सांगावे, याचे मला आजही नवल वाटते. बहिणीला मात्र आईचे कामावर जाणे स्वच्छ आठवते, फक्त ते काम रस्त्याचे नसून पाझर तलावाचे होते असे तिचे म्हणणे आहे. मी माझा रस्ता ठेवला आणि तिचा तलावही त्याच पानावर लिहिला. दोन भावंडांच्या आठवणी जुळत नसतील, तर त्या ओढूनताणून जुळवण्याची काही गरज नसते. वाचकाला दोन्ही द्याव्यात आणि कोणते कोणाचे हे सांगावे.

भावाचा खरा बिनतोड वाटणारा मुद्दा नंतर आला. आईने सांगू नको म्हटले होते, मग तू जगाला का सांगितलेस, असे त्याने विचारले. आईने कारण सांगितले होते ते त्याच्या अभ्यासाचे. तो अभ्यास संपला, पदवी मिळाली, तिच्या जोरावर नोकरी आणि पुढे व्यापारही झाला. ते कारण संपल्यावर आईचे कष्ट झाकून ठेवण्यात अब्रू कोणाची राखली जाते, तिची की त्याची?

संवादांविषयी थोडक्यात सांगतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी तिथल्या तिथे टिपून घेतली, म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात. आपल्या आयांच्या बोलण्याला असा लेखनिक लाभलेला नाही. म्हणून जे वाक्य कानात जसेच्या तसे राहिले असेल, तेवढेच अवतरणात घालावे, तेही तिच्याच बोलीत, आणि बाकीचे निवेदनात सांगावे. अर्धे पान भरेल असे सलग संभाषण कोणी आठवून लिहिले की मी ते पुस्तक मिटतो.

तारखा मात्र स्मरणावर सोडू नयेत. सातबारा, फेरफाराच्या नोंदी आणि शाळेचा दाखला काढून पाहावा. अर्थात दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल, तर ती बहुधा गुरुजींनीच ठरवलेली असते. त्या काळची नावेही तपासावीत. १९७२ सालच्या प्रसंगात नंदुरबार जिल्हा लिहिणाऱ्याने तो जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला हे पाहिलेले नसते, आणि त्या कामांना सरसकट ‘रोजगार हमी’ म्हणणाऱ्याने तो कायदा १९७७ चा आहे हे पाहिलेले नसते.

परवानगी मागू नये असे म्हटले, तरी छापण्यापूर्वी मजकूर संबंधितांना वाचायला जरूर द्यावा. मी दिला होता, भावाने तो उघडलाही नाही. ज्या गोष्टीत आपला काही वाटा नाही, म्हणजे कोणाचे आजारपण किंवा कोणाच्या मुलीचे मोडलेले लग्न, ती मात्र लिहू नये. शिवाय बदनामीच्या फौजदारी कायद्यात, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, मजकूर खरा असणे एवढेच पुरत नाही, तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे आहे हेही दाखवावे लागते. आणि नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीविषयी लिहिलेला मजकूरही त्यात येऊ शकतो. तुमच्या लिखाणात जमिनीच्या वाटणीचा वाद असेल, तर आधी वकिलाला दाखवा.

भावाने नोटीस पाठवण्याची भाषा केली होती, ती अजून आलेली नाही. पुढच्या छपाईत त्याच्या म्हणण्यासाठी दोन पाने देण्याची माझी तयारी आहे आणि त्यातला शब्दही मी बदलणार नाही, असे मी त्याला कळवले आहे. खडीचे प्रकरण मात्र जिथे आहे तिथेच राहील.