परक्याचं ऐकतो, माझंच ऐकत नाही

"ताई, तुम्ही 'बस' म्हणालात तर लगेच बसला. मी पाच वेळा म्हटलं. म्हणजे त्याला कळतं, मुद्दामच करतो ना?" कोथरूडच्या त्या घरात हे विचारताना काकूंचे डोळे भरून आले होते.

खंड्या (नाव बदललं आहे) हा त्यांचा नऊ महिन्यांचा लॅब्रॅडोर. चार-पाच महिन्यांचा असताना एका हाकेत धावत यायचा. आता हाक मारली की तोंड फिरवतो, आल्या-गेल्याच्या अंगावर उड्या मारतो, आणि आदल्या आठवड्यात गळ्यातला पट्टा धरला तर चक्क गुरगुरला. एका ट्रेनरने सांगितलं होतं, "महिनाभर माझ्याकडे ठेवा, सरळ करून देतो." पाठवायचं का, यावरून घरात वाद चालला होता.

मी आधी पशुवैद्याकडे पाठवलं. गुरगुरण्यापाठी दुखणं असू शकतं, ते तपासल्याशिवाय मी शिकवणीला हात घालत नाही. निघालंही तसंच. दोन्ही कानांना संसर्ग झाला होता. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना पावसाळ्यात हा त्रास फार होतो. पट्टा ओढला की कान दुखायचा, म्हणून तो गुरगुरायचा. बिचाऱ्याला सांगायला दुसरी भाषा नव्हती. त्या गुरगुरण्याबद्दल त्याला मार बसला असता, तर पुढच्या वेळी तो न गुरगुरता थेट चावण्याची भीती होती.

आता काकूंचा प्रश्न. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं. अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवलेली कुत्री त्यांनी पाहिली. आठव्या महिन्यात ती आपल्या माणसाची 'बस' ही आज्ञा पाचव्या महिन्यापेक्षा जास्त टाळत होती, अनोळखी माणसाची मात्र टाळत नव्हती. वर्षाची होईपर्यंत गाडी बरीचशी रुळावर आली होती. हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ खंड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. वयात येणारं पोर परक्यांत शहाण्यासारखं वागतं आणि आईसमोर दार आपटतं, हे त्यांना वेगळं समजावायची गरज नव्हती. मुलगी बारावीत होती.

म्हणूनच महिनाभर बाहेर पाठवण्याला मी नाही म्हणाले. ट्रेनरचं ऐकायला तो तिथे शिकेलही, पण अडचण घरातल्या माणसांशी आहे, आणि ती माणसं तिथे नसतील. आपल्याकडे कुणीही ट्रेनरची पाटी लावू शकतो. तेव्हा एवढं जरूर विचारा: कुत्रा चुकला की तुम्ही काय करता? उत्तरात झटका, काट्यांचा पट्टा किंवा 'त्याला मालक कोण ते कळलं पाहिजे' असं आलं, तर तिथून उठा. आणि शिकवताना आम्ही समोर बसू का, हेही विचारा.

आमचं काम मुख्यतः माणसांवर झालं. उडी मारली की आजोबा "हट" म्हणायचे, मुलगी "ऑफ", काकू "खाली उतर". आणि आजोबा जेवताना पोळीचा तुकडाही द्यायचे. आम्ही एकच शब्द ठरवला, 'खाली'. चार पाय जमिनीवर असले तरच लाड. 'खंड्या, खंड्या' ही हाक दिवसभर वाया जाऊन बोथट झाली होती. म्हणून बोलावण्यासाठी नवा शब्द घेतला, आणि त्या शब्दाला दर वेळी उकडलेल्या चिकनचा तुकडा. वेताळ टेकडीवर मोर दिसले की तो सुसाट सुटायचा, तिथे छातीच्या पट्ट्याला दहा मीटरची दोरी लावली. फिरताना वीस मिनिटं नुसतं हुंगू द्यायचं, घाई नाही. संध्याकाळी सात ते नऊ तो घरभर धुमाकूळ घालायचा. ती ताकद उतू जात नव्हती, झोप अपुरी होती. झोप आलेलं मूल किरकिरतं तसं. दुपारी बेल, टीव्ही, खेळ सगळं बंद ठेवून त्याला शांत कोपरा दिला आणि धुमाकूळ निम्म्याने ओसरला.

तीन महिने झाले. दोरी अजून सुटलेली नाही, पाहुणे आले की पहिली दोन मिनिटं अवघडच जातात. परवा काकूंचा फोन आला. टेकडीवर मोर ओरडला, खंड्या थबकला, मोराकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी नवा शब्द एकदाच उच्चारला. तो आला.

आजोबा पोळी अजून देतातच. फक्त आता खंड्या चटईवर बसल्यावर.