शार्कचा कळप, थवा की टोळी?

दांडिया बाजारच्या एका ताईंनी विचारलंय की मुलांसाठी समुद्रातल्या प्राण्यांचा स्लाइड शो मराठीतून करतेय, त्यात शेकड्यांनी हॅमरहेड शार्क एकत्र पोहतायत असा फोटो आहे, त्याखाली 'शार्कची टोळी' लिहिलं तर चालेल का, की कळप म्हणू?

ताई, टोळी नका लिहू. आपल्या बडोद्यात हा शब्द पटकन तोंडात येतो कारण दिवसभर गुजराती 'टोळुं' कानावर पडत असतं, आणि गुजरातीत टोळुं माणसांचं, ढोरांचं, माशांचं, कशाचंही असतं, त्यात वाईट काही नाही. मराठीत मात्र टोळी म्हटलं की आधी दरोडेखोर आठवतात, फार तर माकडं. शार्कबद्दल मुलांच्या मनात आधीच भीती भरलेली असते, त्यात टोळी वाचलं की हे सगळे मिळून शिकारीला निघालेत असंच वाटणार, आणि तुमच्या फोटोतल्या प्राण्यांच्या बाबतीत ते खरं नाहीये.

हे हॅमरहेड दिवसा समुद्रातल्या बुडालेल्या डोंगरांभोवती, कोस्टारिकाच्या कोकोस बेटाजवळ किंवा गालापागोसला, मोठ्या संख्येने जमतात आणि एका दिशेने, सारखं अंतर ठेवून संथ फिरत राहतात, त्या वेळी खाणं जवळजवळ नसतंच. पीटर क्लिमली नावाच्या संशोधकाने मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात यांचा बराच अभ्यास केला, तर त्यांना दिसलं की यात माद्या जास्त असतात आणि मोठ्या माद्या मधली जागा धरून ठेवतात, लहान माद्यांना कडेला सारतात. अंधार पडला की सगळे पांगतात, खायला लांब खोल पाण्यात जातात आणि सकाळी परत त्याच डोंगरापाशी. म्हणजे शिकारीसाठी एकत्र आलेले हे नव्हेतच!

मग कळप? चूक म्हणणार नाही मी, छापलेलं दिसतंही, पण मला तो बसत नाही. कळप म्हटला की गाई, मेंढ्या, हत्ती येतात, आया आणि त्यांना बिलगलेली पिल्लं येतात. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये सांगाडा आहे ना, त्या देवमाशाच्या जातभाईंना कळप शोभतो कारण ते सस्तन, पिल्लाला दूध पाजणारे. शार्कमध्ये आई पिल्लाला सांभाळत नाही, जन्मल्यापासून ते आपलं आपण जगतं. त्यामुळे शार्क एकत्र दिसले तर ते कुटुंब म्हणून नाही, दुसऱ्या कशासाठी तरी आलेले असतात.

माझं मत थवा. पक्ष्यांचा थवा म्हणतो तेव्हा नुसती गर्दी सांगत नसतो, सगळे एका रोखाने चाललेत हे त्यात असतं, आणि माशांचा थवा मराठीत रुळलेलाच आहे. अभ्यासक सुद्धा हाच फरक करतात, सोबत राहावंसं वाटतं म्हणून एकत्र असणं वेगळं, त्यातही एका दिशेने एका लयीत पोहणं वेगळं, आणि खाणं आहे म्हणून जमणं तिसरंच.

त्या तिसऱ्याला थवा म्हणू नका. आपल्या सौराष्ट्रच्या किनाऱ्यावर वेरावळकडे व्हेल शार्क येतात, त्यांची यकृताच्या तेलासाठी खूप शिकार व्हायची, 2001 मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं आणि नंतर रामकथा सांगणाऱ्या मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तेव्हापासून तिला 'व्हाली' म्हणतात, म्हणजे लाडकी. असे व्हेल शार्क कुठे बारीक खाद्यासाठी पुष्कळ जमले तर नुसतं 'जमले होते' म्हणा, नाम हवंच असेल तर घोळका. फ्रेंच पॉलिनेशियात फाकारावा बेटाजवळ ग्रूपर मासे अंडी घालायला येतात तेव्हा 700 पर्यंत ग्रे रीफ शार्क गोळा होतात आणि रात्री त्यांच्यावर तुटून पडतात, तिथे झुंड लिहिलं तर मी हरकत घेणार नाही.

आणि एक शब्द मला फार आवडतो तो कंपू. प्रशांत महासागरातल्या पाल्मायरा बेटाजवळ याच ग्रे रीफ शार्कना ट्रान्समीटर लावून पाहिलं तर तेच तेच शार्क सकाळी एकत्र येतात, दिवस जाईल तसे पांगतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि काही जोड्यांची सोबत चार-चार वर्षं टिकलेली. बहामातल्या बिमिनीला खारफुटीत वाढणारी लेमन शार्कची पिल्लं सुद्धा ओळखीच्या पिल्लांसोबत राहणं पसंत करतात. याला थवा म्हटलं तर ती ओळखपाळख हरवते, कंपूत ती येते.

तुमच्या फोटोखाली 'हॅमरहेड शार्कचा थवा' लिहा. शार्कला कोकणात म्हणतात तो मुशी शब्द वापरायचा असेल तर 'मुश्यांचा थवा' पण छान वाटेल, फक्त बडोद्यातल्या मुलांना मुशी म्हणजे काय ते आधी सांगावं लागेल, कोकणातल्या मुलांना नाही लागणार.