जुनी सीडी-रॉम आणि डॉस: आधी केबल बघ

अरे, डॉसमध्ये (विंडोजआधीची कमांड टाइप करायची प्रणाली) जुना सीडी-रॉम ड्राइव्ह सापडत नाही म्हणून ड्रायव्हर, म्हणजे तो ड्राइव्ह चालवणारी फाइल, बदलत बसू नकोस. आधी कॅबिनेट उघडून बघ, ड्राइव्हची केबल जाते कुठं? मदरबोर्डच्या आयडीईला, म्हणजे हार्ड डिस्क जोडतात त्या जोडणीला, की साउंड कार्डाला? ९०च्या दशकातल्या सुरुवातीच्या मित्सुमी, पॅनासॉनिक ड्राइव्हची केबलही ४० पिनांचीच, दिसायला आयडीईसारखी. पण ती आयडीई नव्हे. तिला तिचाच ड्रायव्हर लागतो.

आयडीई असेल तर सोपं. विंडोज ९८च्या स्टार्टअप फ्लॉपीतली ओकसीडीरॉम डॉट सिस घे, डॉस सुरू होताना वाचतो त्या कॉन्फिग डॉट सिस फाइलीत डिव्हाइसची ओळ घाल, शेवटी स्लॅश डी, कोलन आणि एक नाव. तशाच दुसऱ्या फाइलीत, ऑटोएक्झेक डॉट बॅटमध्ये, एमएससीडीईएक्सच्या (सीडीला ड्राइव्हचं अक्षर देणारा प्रोग्राम) ओळीत तेच नाव. तेच म्हणजे अक्षरन्अक्षर! निपाणीत एका दुकानात मी अख्खी रात्र घालवली, 'डिव्हाइस ड्रायव्हर नॉट फाउंड' काही हटेना. त्या नावात एका फाइलीत शून्य, दुसरीत इंग्रजी ओ. सकाळी चहावाल्या पोरानं स्क्रीनवर बोट ठेवलं की!

तरीही ड्राइव्ह सापडला नाही तर ड्राइव्हच्या मागचा मास्टर-स्लेव्ह जंपर तपास, म्हणजे एका केबलवरच्या दोन ड्राइव्हपैकी पहिला कोण, दुसरा कोण हे ठरवणारी पिनांवरची छोटी टोपी. आणि खानापूरकडच्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, तेव्हा बिचाऱ्या ड्रायव्हरला शिव्या घालू नकोस.